बाबांचा दुसरा कागद

माझ्या बाबांनी दोन मृत्युपत्रं केली होती. पहिलं शोधायची गरजच नव्हती. ते पांढरकवड्याच्या रजिस्ट्री कचेरीत नोंदवलेलं होतं आणि त्याची नक्कल माझ्या पेटीत होती. दुसऱ्याचा शोध मी अडीच-तीन महिने घेतला. त्याचं काय झालं हे शेवटी मला कळलं. पण ज्या माणसाला ते सांगायला हवं होतं, त्या माणसाला मी तीन वर्षं सांगितलं नाही. हे लिहितो आहे ते त्या तीन वर्षांबद्दल.

आमचं गाव घाटंजीपासून दोन कोसांवर. आम्ही तिघं भावंडं. बहीण सगळ्यांत मोठी, तिला आम्ही बाई म्हणायचो. मग दादा आणि शेवटी मी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि बाई तेरा वर्षांची. माझी आंघोळ, जेवण, शाळेत पोचवणं, सगळं तिनं केलं. पुढे मुकुटबनकडे तिचं लग्न झालं. सहा वर्षांनी तिचा नवरा साप चावून गेला, मूलबाळ नव्हतं, आणि सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. तेव्हापासून ती बाबांच्याच घरी होती. दादाबरोबर वावरात राबायची, घरी येऊन वहिनीच्या बरोबरीनं चूल सांभाळायची. मी शिकून घाटंजीच्या शाळेत मास्तर झालो होतो. शनिवारी गावी जायचो, सोमवारी पहाटे परत यायचो.

बाबांची जमीन वाडवडिलांची नव्हती. ते तरुणपणी या गावात मजूर म्हणून आले होते. दगडधोंड्याचं पडीक रान घेऊन त्यांनी ते स्वतः साफ केलं, विहीर खोदली आणि कापूस पिकवला. त्यामुळे ते कुणाला द्यायचं हे त्यांच्या मर्जीवर होतं. पहिल्या मृत्युपत्रात त्यांनी सारं वावर आम्हा दोघा भावांत अर्धं-अर्धं लिहिलं होतं. बाईबद्दल एकच ओळ होती, ती घरात राहील तोवर मुलांनी तिला अन्नवस्त्र द्यावं. वाटणी करून देण्याची जबाबदारी माझ्यावर टाकली होती, कारण घरात लिहितावाचता मीच. ते लिहिलं तेव्हा मुलींना बापाच्या मिळकतीत हिस्सा देणारा कायदा यायचा होता. कायदा आला त्या वर्षी मी बाबांना त्यातलं वाचून दाखवलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बैलांना पाणी दाखवायला उठून गेले.

साठ साल उजाडलं आणि बाबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सतरा दिवस ते तसेच होते आणि पौषात वारले.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी बाई मला गोठ्याच्या मागं घेऊन गेली.

"बापू, एक सांगतो तुले," ती म्हणाली. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. "बाबानं दुसरा कागद केला हाये."

"कसला कागद?"

"मांगच्या महिन्यात पांढरकवड्याले गेलते ना? तवा. आले अन् मले म्हणले, तुह्यं केलं मी बाई. विहिरीजवळचं चार एकर तुह्या नावानं केलं. कोणाजवळ बोलू नको, पक्कं करून आणतो मंग सांगू."

"कागद कुठं आहे?"

"ते नाही सांगितलं. चारच दिवसांनी पडले ना ते." तिचा आवाज खाली गेला. "म्या खुणेनं इचारलं होतं त्याईले. डाव्या हातानं काही दाखवत जात. मले समजलं नाही."

मी तिच्यासमोरच दादाला बोलावून हे सांगितलं. दादा वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "असन त शोधा. बाबानं लेहलं असन त मी नाही म्हणणार नाही." वहिनी दारात होती, ती ऐकून आत गेली.

मी रीतसर शोधायला लागलो. बाबांची लाकडी पेटी, पोथ्यांची फडकी, ज्वारीची कोठी, देवघरातला डबा, सारं पाहिलं. गावच्या सोसायटीत विचारलं. मग सुटी काढून पांढरकवड्याला वकिलांकडे गेलो. ते वयस्क होते, कमी बोलायचे. त्यांनी नक्कल वाचली आणि विचारलं, "यानंतरचं काही आहे?"

"बहीण म्हणते आहे."

"मग आधी ते शोधा. नंतरचं निघालं तर हे रद्द होतं. वाटणी करून बसलात आणि मागून ते निघालं, तर सगळं उलटं करावं लागेल. तुम्हाला लिहून द्यावं लागेल, की शोध केला आणि दुसरं आढळलं नाही."

रजिस्ट्री कचेरीत दुसरी नोंद नव्हती. पण कचेरीबाहेर लिंबाखाली लोकांचे कागद लिहून देणारे जे अर्जनवीस पेटी मांडून बसायचे, त्यांतल्या एकानं बाबांना ओळखलं. उंच, डाव्या कानात बाळी, घाटंजीकडचा म्हातारा, असं मी वर्णन करताच तो मान हलवायला लागला. त्यानं आपली वही काढली. त्यात बाबांचं नाव होतं आणि पुढं 'मृत्युपत्र' एवढाच शब्द.

"म्याच लेहलं," तो म्हणाला. "पोरीच्या नावानं चार एकर केलं होतं विहिरीपाशी. बाकीचं दोघा पोराईले. अंगठा घेतला, साक्षी घेतल्या. पण साहेब दौऱ्यावर होते, म्हून रजिस्टर नाही झालं. मी म्हणलं, पुढच्या सोमवारी या. ते काही आले नाही."

"कागद?"

"कागद त्याईच्याच जवळ. घडी करून घेऊन गेले."

साक्षीदार दोन होते. एक हैदराबादकडे निघालेला ट्रक ड्रायव्हर, जो चहासाठी थांबला होता. त्याचा ठावठिकाणा कुणालाच माहीत नव्हता. दुसरा होता सडकेवरचा एक मुसलमान शिंपी. त्याचं दुकान त्या दिवशी बंद होतं. मी परत आलो आणि घरी एवढं सांगितलं, की कागद लिहिला होता हे खरं, बाबा तो घेऊन आले हेही खरं. बाईनं डोळे मिटून घेतले. "मंग घरातच असन," ती म्हणाली.

महिन्याभरानं मी पुन्हा गेलो. शिंपी मशीनवर बसला होता. मी ओळख दिली, तसा तो उठला आणि मला स्टूल दिलं. बाबा गेल्याचं ऐकून तो हात उचलून काहीतरी पुटपुटला.

"कागद सापडत नाही," मी म्हणालो. "तुम्ही साक्ष केलीत. तुम्हाला काही बोलले होते का, कुठं ठेवणार ते?"

तो माझ्याकडे जरा आश्चर्यानं बघत राहिला. "मास्तर, वो तो जाकीट में है."

"कोणत्या?"

"रुईवालं जाकीट. मीच शिवलं होतं मागच्या साली. साक्ष झाल्यावर ते इथं आले, जाकीट उतरवलं, म्हणले, अस्तराच्या आत खिसा कर, अन् कागद टाकून टाके मारून दे. घरात ठेवायला जागा नाही म्हणले. मेणकापडात गुंडाळून टाकला मी. वरून रुई हाये, हाताले बी लागत नाही. इथं, डाव्या बाजूले." आणि त्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

त्यानं पाणी आणलं होतं, ते मी प्यायलो.

मला सगळं एकदम समोर दिसलं. लकवा झाल्यावर बाबा डाव्या हातानं छातीवरचं जाकीट ओढत राहायचे. ओढायचे आणि बाईकडे पाहायचे. बाईला वाटायचं त्यांना थंडी वाजते आहे. ती जाकिटाचे बंद घट्ट बांधायची आणि वरून वाकळ घालायची. मग ते डोळे मिटायचे. दिवसातून चार-पाच वेळा हे व्हायचं आणि ते मीही पाहिलं होतं. तिनं बाहेरचे दोन्ही खिसे चाचपल्याचंही मला आठवलं. त्यांत तंबाखूची डबी निघाली होती.

ते गेले त्या सकाळी त्यांना आंघोळ घालताना जाकीट काढलं. अंगणात तिरडी बांधून झाली, आम्ही उचलणार, तेवढ्यात बाई घरातून ते जाकीट घेऊन धावत आली. "बाबाले थंडी लय वाजत जाये," ती म्हणाली. "हे संग जाऊ द्या." कुणीतरी म्हणालं, कशाला, कुणा गरिबाला होईल. तिनं ऐकलं नाही. तिनं ते माझ्या हातात दिलं. स्मशानात शेवटची लाकडं रचण्याआधी मी ते बाबांच्या छातीवर पसरलं, माझ्या हातानं. दादानं अग्नी दिला.

तिथून मी वकिलांकडेच गेलो. त्यांनी ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला.

"ज्याच्याजवळ कागद होता त्याच्या पश्चात तो मिळाला नाही, तर समोरचा वकील म्हणतो, त्यानंच फाडला असेल," ते म्हणाले. "पण इथं तसं नाही. अर्जनवीस आहे, शिंपी आहे. एक साक्षीदार पुरतो. आणि कागद जळाला, फाडला नाही, हे सांगणारे तुम्ही आहात. जाकीट तुम्ही ठेवलंत ना?"

"हो."

"मग सिद्ध होऊ शकतं. बहिणीला दावा लावावा लागेल, तुम्हा दोघा भावांविरुद्ध. आणि तुम्हाला तिच्या बाजूनं बोलावं लागेल, स्वतःच्या हिश्शाविरुद्ध." चष्मा पुन्हा लावत म्हणाले, "तुमचा विचार करा."

मी गावी गेलो तेव्हा दादा खळ्यावर दोर वळत बसला होता. बाई वावरात होती. मी त्याला सगळं सांगितलं. त्याचे हात थांबले नाहीत.

"कोणाले सांगितलं तू?"

"वकिलांना. बाकी कुणाला नाही."

"बाईले?"

"नाही."

त्यानं दोराचा पीळ घट्ट केला. मग म्हणाला, "तिले सांगशील त काय होईन? तिच्याच हातानं जळालं हे तिले समजन. जीव देईन ते. अन् आपण काय तिले उपाशी ठेवून राह्यलो का? राहू दे."

मी "बरं" म्हणालो. आजही मला तो क्षण नीट आठवतो, कारण त्या वेळी मला दुःख झालं नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं होतं. दादानं मला एक कारण दिलं होतं आणि ते कारण खोटंही नव्हतं. बाईला ते समजलं असतं तर ती खरोखरच कोसळली असती. पण घाटंजीला मी घर बांधायला काढलं होतं आणि विहिरीजवळच्या चार एकरांतले दोन माझ्या वाट्याचे होते, हेही मला त्या क्षणी माहीत होतं. दोन्ही गोष्टी डोक्यात होत्या. कोणती आधी आली, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

चैत्रात पटवाऱ्याकडे बयान दिलं. 'शोध केला असता दुसरे मृत्युपत्र आढळले नाही.' मी स्वतः ते वळणदार अक्षरात लिहिलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. बाईचा अंगठा लागत होता. ती आली आणि शाई लावून घेण्याआधी माझ्याकडे वळली.

"बापू, मांगून सापडला त बदलता येईन ना?"

"येईल," मी म्हणालो.

तिनं अंगठा दिला.

आणि तिनं शोधणं सुरूच ठेवलं. मी घरी सांगितलं होतं ना की बाबा कागद घेऊन आले होते. त्यामुळे घर सोडून दुसरीकडे शोधायचं तिला कारणच नव्हतं. तिनं कोनाडे फोडून पाहिले. चुलीमागची भिंत खुरप्यानं उकरली आणि पुन्हा मातीनं लिंपली. बाबांची खाट असायची तिथली जमीन हातभर खणली. वहिनी गावात सांगायची, बाईच्या डोक्यात बिघाड झाला. लोकही तिच्याकडे तसंच बघायला लागले. मी शनिवारी गेलो की ती आठवड्यात कुठं कुठं पाहिलं ते मला सांगायची. शाळेतली मुलं केलेला अभ्यास दाखवतात तसं.

वैशाखातल्या एका शनिवारी तिनं विचारलं, "तू शिकलेला हायेस. सांग, आता कोणती जागा राह्यली असन?"

काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "आढ्याला पाहिलंस का? कवेलूंखाली?"

हे मी बोललो. मला माहीत होतं की तिथं काही नाही. दुसऱ्या दिवशी मी मळ्यात गेलो असताना ती शिडी लावून वर चढली. छपराच्या एका लाकडी फाट्यावर पाय दिला, तो कुजलेला होता. ती ओसरीच्या दगडावर पडली. उजवं मनगट मोडलं. गावातल्या हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या काड्यांनी बांधलं, पण ते वाकडं बसलं. त्या हाताची बोटं नीट मिटेनात. त्या साली कापूस वेचायला ती इतर बायकांच्या मागं पडायला लागली, आणि वहिनीनं ते बोलून दाखवायला सुरुवात केली.

मी तेव्हाही बोललो नाही. पडल्यावर तिनं शोधणं थांबवलं, एवढंच मला बरं वाटलं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर ती घर सोडून पांढरकवड्याला गेली. भांडण असं काही झालं नव्हतं. ताटात काय पडतं यावरून रोजचं काहीतरी असायचं, आणि एक दिवस तिनं लुगड्याचं गाठोडं बांधलं. तिथं मुलींच्या एका वसतिगृहात तिला स्वैपाकाचं काम मिळालं. एका हातानं पीठ मळायची. राहायला मागची खोली होती, तिला खिडकी नव्हती. मृत्युपत्रात लिहिलं होतं, घरात राहील तोवर अन्नवस्त्र. ती घरात राहत नव्हती. दादानं हे मला एकदा बोलूनही दाखवलं.

मी अधूनमधून जायचो. ती चहा करायची, माझ्या मुलांचं विचारायची. त्रेसष्ट सालच्या संक्रांतीला गेलो तेव्हा ती खोलीच्या दारात उन्हात बसून तांदूळ निवडत होती. डाव्या हातानं निवडायची, उजव्या मनगटानं सूप दाबून धरायची. बोलता बोलता ती म्हणाली, "म्या लय इचार केला बापू. मले वाटते बाबानंच तो फाडला असन. त्याईले वाटलं असन, पोरीले कायले द्यायचं."

इतक्या शांतपणे म्हणाली ती. तीन वर्षांत तिनं ही समजूत करून घेतली होती. कागदासोबत बाबाही तिच्या हातून गेले होते.

मग मात्र मी सांगितलं. शिंपी, अस्तरातला खिसा, मेणकापड. बाबा जाकीट का ओढायचे ते. चितेवर मी ते पसरलं ते. वकील काय म्हणाले ते. दादाला सांगितलं ते. आढ्याचं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही.

तिचं निवडणं थांबलं. ती रडली नाही. सूप खाली ठेवलं आणि वाकडं मनगट दुसऱ्या हातात धरून बसली. आतून मुलींचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता.

"तवाच सांगितलं असतं," ती म्हणाली, "त म्या भिंती उकरल्या नसत्या."

मी म्हणालो, माझ्या वाट्याचं विहिरीजवळचं दोन एकर मी तिच्या नावानं करून देतो. दावा नको असेल तर नको, पण एवढं घे. मला वाटलं होतं ती नको म्हणेल. माझ्या मनात कुठंतरी तशी आशाही असावी.

"द्या," ती म्हणाली. "अन् रजिस्टर करून द्या."

बक्षीसपत्र त्याच लिंबाखाली लिहून घेतलं, त्याच अर्जनविसाकडून. त्याची नजर अधू झाली होती, तो कागद डोळ्यांजवळ धरून लिहायचा. शिंप्याकडे साक्षीला गेलो, तर दुकानात त्याचा भाऊ बसला होता. शिंपी मागच्या वर्षीच वारला होता. साहेब हजर होते. बाईनं डाव्या हाताचा अंगठा दिला आणि नक्कल मिळेपर्यंत कचेरीच्या पायरीवरून हलली नाही.

ती गावी परत आली आणि त्या दोन एकरांत झोपडी घालून राहिली. विहीर दादाच्या अर्ध्यात होती. त्यानं पाणी दिलं नाही. मी दोनदा बोललो, तर तो म्हणाला, "तू वावर दिलं, पाणी माह्यं हाये." ती कोरडवाहू ज्वारी आणि तूर घ्यायची. कापसाच्या वाटेला गेली नाही. दुष्काळी सालात तिनं वरच्या सडकेवर खडी फोडली. अडुसष्टच्या पावसाळ्यात ती तापानं गेली. मला निरोप पोचला तोवर सगळं उरकलं होतं. तिच्या सासरचं कुणी हक्क सांगायला आलं नाही, आणि वावर पुन्हा आम्हा भावांकडे आलं. माझं नाव लावायला मी पटवाऱ्याकडे गेलो नाही, आणि दादानं सगळं आपल्या नावानं करून घेतलं.

त्या पाच वर्षांत मी महिन्यातून एकदा तिच्या झोपडीवर जायचो. ती बसायला पोतं टाकायची, पाणी द्यायची, निघताना तुरीच्या शेंगा बांधून द्यायची. वाईट शब्द कधी बोलली नाही. पण संक्रांतीच्या त्या दिवशी ती "द्या" म्हणाली, तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. नंतर आलं. जिनं मला कडेवर वागवलं, ती मला त्या दिवसापासून अहो-जाहो करत होती. "बसा मास्तर," म्हणायची. "पोरंसोरं बरे हायेत ना तुमचे?" मी एकदा म्हणालो, बाई, असं का बोलतेस, मी बापू आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं, पाण्याचा गडवा माझ्याजवळ सरकवला आणि म्हणाली, "घ्या, पाणी घ्या. उन्हाचे आले तुम्ही."